धागा: हळदीची चमक विझायला किती वेळ लागतो, आणि तो वेळ मोजतात कसा?

भाट्ये_किनारा (रत्नागिरी)
नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चखाली स्पिरिटमध्ये विरघळवलेली हळद हिरवट-पिवळी चमकते. टॉर्च बंद, चमक बंद. बीएस्सीच्या वर्गात हे दाखवलं की पोरं विचारतात, चमक त्याच क्षणी जाते की मागे थोडी रेंगाळते? मी सांगतो, रेणू प्रकाश शोषून वरच्या पातळीवर जातो आणि साधारण नॅनोसेकंदांच्या हिशोबात खाली येतो, म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. त्यावर यंदा एका मुलीने विचारलं, "सर, हे मोजलं कोणी? एवढ्या वेगाने चालू-बंद होणारं घड्याळ कुठे आहे?"

पुस्तकात आयुष्यकालाचे, म्हणजे चमक किती टिकते त्याचे, आकडे आहेत, ते मिळवले कसे हे नाही. इथे लेझर प्रयोगशाळेत काम केलेलं कोणी असेल तर नीट समजावून सांगा. आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात यातलं काही हाताने करून दाखवता येईल का, तेही सांगा. नुसतं 'असं असतं' म्हणून पुढे जाणं मला पटत नाही.

मालवणी_तारू
गुरुजी, आमच्याकडे थंडीत रापण ओढताना पाणी पेटता. दोरी हलली की निळो उजेड, पाय टाकलो की निळो उजेड. तो डोळ्यांनी दिसता, विझताना पण दिसता. मग हळदीचोच उजेड कित्याक एवढो घाईत?

आरे_वारे
+1. आमच्या किनाऱ्यावरही काही वर्षी दिसतो. रात्री मुद्दाम गाड्या काढून लोक बघायला येतात. मला वाटायचं तोही फ्लुरोसन्सच, म्हणजे हळदीसारखी प्रकाश शोषून आलेली चमक.

फोटॉनवाली (मूळ चिपळूण, सध्या मुंबई)
माझं रोजचं काम हेच आहे, म्हणून सविस्तर लिहिते. आधी तारूदादांचा प्रश्न घेते, कारण सगळ्याची किल्ली त्यातच आहे.

समुद्रातला निळा प्रकाश बहुतेक वेळा नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जीवाचा. पाणी हललं की त्याच्या पेशीत रासायनिक क्रिया सुरू होते आणि तिच्यातून प्रकाश निघतो. बाहेरून प्रकाश टाकावा लागत नाही, म्हणून तो फ्लुरोसन्स नव्हे, जैवदीप्ती. एक लखलख साधारण सेकंदाचा दहावा भाग टिकते, म्हणून डोळ्याला पुरते.

पण त्या दहाव्या भागात एकच रेणू तेवढा वेळ उजळत नसतो. असंख्य रेणू एकामागून एक उत्तेजित होतात आणि प्रत्येक जण नॅनोसेकंदांत आपला एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, देऊन मोकळा होतो. आपल्याला दिसते ती रासायनिक क्रियेची लांबी. रेणू घाईतच असतो, समुद्रातला असो की हळदीतला. एका रेणूची घाई मोजायची तर सगळ्या रेणूंना एकाच क्षणी सुरुवात करून द्यायला हवी, आणि ते काम पल्स लेझर करतो. प्रकाशाचा एक अगदी छोटा ठोका देतो, तिथे शून्य धरायचा. मग तोच ठोका पुन्हा, पुन्हा, सेकंदाला लाखो वेळा.

म्हणून सर, त्या मुलीला सांगा की चमकेच्या वेगाने पळणारं घड्याळ लागत नाही. तीच घटना कोट्यवधी वेळा अगदी तशीच घडवता येणं लागतं. कसं ते पुढच्या प्रतिसादात, आता डब्याची वेळ झाली.

सोल्डरगन (खेड)
थांबा. घड्याळ लागत नाही हे मान्य नाही. 1 गिगाहर्ट्झचा ऑसिलोस्कोप (विजेचा सिग्नल वेळेनुसार पडद्यावर काढणारं यंत्र) घेतला तर उठाव वेळ, म्हणजे त्याला दिसणारा सगळ्यात झटपट बदल, 0.35 भागिले बँडविड्थ, म्हणजे 350 पिकोसेकंद. (पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग.) 4 नॅनोसेकंदांची चमक त्यावर सरळ दिसेल. प्रकाशाची वीज करणारा वेगवान फोटोडायोड लावा, स्कोप लावा, झालं काम. उगाच कोट्यवधी वेळा कशाला?

जुनी_पुस्तकं
ऑसिलोस्कोप नव्हते तेव्हाही हे मोजलं गेलंय. एकोणिसाव्या शतकात बेक्रेलने भोकं पाडलेल्या फिरत्या तबकड्या वापरून मिलिसेकंदापेक्षाही कमी टिकणारी चमक पकडली होती. (हा एदमों बेक्रेल. किरणोत्सारावाला आंरी त्याचा मुलगा.) 1926 मध्ये गाविओला नावाच्या शास्त्रज्ञाने प्रकाशाची तीव्रता फार वेगाने कमी-जास्त करून, चमक त्याच्या किती मागे पडते यावरून नॅनोसेकंदांतले आयुष्यकाल काढले. लेझर तर 1960 मध्ये आला.

फोटॉनवाली
सोल्डरगन, तुमचा हिशोब बरोबर आहे, आणि उजेड भरपूर असेल तर तसं करतातही. अडचण दोन ठिकाणी येते. एका ठोक्याने निघणारी चमक बहुधा फार मंद असते, काही वेळा शोधकापर्यंत, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या उपकरणापर्यंत, एकही फोटॉन पोचत नाही. ती वाढवायला ठोका जोरदार केला की नमुनाच जळतो किंवा वेगळं वागायला लागतो. आणि हळदीतल्या कर्क्युमिनचा आयुष्यकाल बहुतेक द्रावकांत काही दहा ते काहीशे पिकोसेकंद असतो. तिथे तुमचे 350 पिकोसेकंद अपुरे पडतात.

आता पहिली पद्धत. नाव मोठं आहे, टाइम-कोरिलेटेड सिंगल फोटॉन काउंटिंग, आम्ही नुसतं टीसीएसपीसी म्हणतो. लेझरचा ठोका गेला की मोजणी सुरू, नमुन्यातून आलेला पहिला फोटॉन शोधकावर आदळला की थांब. त्या एका फोटॉनला किती उशीर झाला एवढंच लिहून ठेवायचं. असे लाखो उशीर गोळा करून आलेख काढला की विझण्याचा वक्र आपोआप उभा राहतो. वक्र एका वेळी कधी दिसलेलाच नसतो, तो नोंदींतून तयार होतो.

यात एक पथ्य आहे. चिपळूण–गुहागर एसटीत कंडक्टरने प्रत्येक फेरीत फक्त पहिला उतरणारा माणूस कुठे उतरला तेवढं लिहायचं ठरवलं, असं धरा. गाडी भरलेली असेल तर पहिला माणूस नेहमी वाटेतल्या मार्गताम्हाण्याच्या आधीच उतरेल, आणि वही वाचणाऱ्याला वाटेल की पुढे शृंगारतळीला कोणी जातच नाही. खरं चित्र हवं तर गाडीत एकच प्रवासी हवा, आणि बऱ्याच फेऱ्या रिकाम्याच जायला हव्यात. म्हणून आम्ही उजेड मुद्दाम इतका कमी ठेवतो की शंभर ठोक्यांमागे साधारण एकच फोटॉन पोचावा. हे पथ्य मोडलं की आयुष्यकाल खऱ्यापेक्षा कमी दिसतो, आणि वक्र मात्र छान गुळगुळीत येतो, त्यामुळे शंकाही येत नाही.

रिकाम्या फेऱ्यांचा तोटा वाटतो तेवढा नाही. सेकंदाला 80 लाख ठोके असतील तर शंभरात एक म्हणजे सेकंदाला 80 हजार फोटॉन. मिनिटभरात 48 लाख नोंदी.

मालवणी_तारू
एवढ्यो रिकाम्यो गाडयो आमच्या बाजूक सोडा, आम्ही भरून देतो 😄
पण समाजला बरा. धन्यवाद ताई.

सोल्डरगन (खेड)
एसटीचं पटलं. पण शोधकाला स्वतःचा वेळ लागतोच की. फोटोमल्टिप्लायरमध्ये (एका फोटॉनपासून मोजता येईल एवढा विजेचा ठोका बनवणारा शोधक) इलेक्ट्रॉन इकडून तिकडे जायला लागणारा वेळ प्रत्येक वेळी सारखा नसतो. मग पिकोसेकंदाचा दावा कशाच्या जोरावर?

फोटॉनवाली
अगदी नेमका प्रश्न. त्यासाठी नमुन्याच्या जागी न चमकणारं, नुसतं प्रकाश विखुरणारं द्रावण ठेवून आधी यंत्राचाच वक्र घ्यायचा. त्याला यंत्राचा प्रतिसाद म्हणतात. चांगल्या मायक्रोचॅनल प्लेट शोधकाने त्याची रुंदी 30 पिकोसेकंदांच्या आसपास येते, साध्या शोधकांनी काहीशे. मग नमुन्याच्या वक्रातून यंत्राचा भाग गणिताने वेगळा करतात. प्रतिसाद स्थिर असेल तर त्याच्या रुंदीपेक्षा बराच छोटा आयुष्यकालही काढता येतो. पण त्याला मर्यादा आहे, आणि काही पिकोसेकंदांच्या खाली मी टीसीएसपीसीच्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही.

आणखी एक. आमच्याकडचा टायटेनियम-सफायर लेझर सेकंदाला सुमारे 8 कोटी ठोके देतो, म्हणजे दोन ठोक्यांत 12.5 नॅनोसेकंद. 4 नॅनोसेकंदांचा रंग घेतला तर पुढचा ठोका येईपर्यंत मागची सुमारे 4 टक्के चमक शिल्लक असते. म्हणून मधले ठोके गाळून दहातला एकच घेतात. वरचे 80 लाख तिथून आले.

विजयदुर्ग_बुरूज
प्रकाशाचं मोजमाप आणि कोकण म्हटल्यावर आमच्या किल्ल्यावरचे साहेबाचे ओटे कोणालाच आठवले नाहीत? 1868 च्या ग्रहणात लॉकियर साहेबाने तिथे दुर्बीण लावून हेलियम शोधला. दर 18 ऑगस्टला आम्ही हेलियम दिन साजरा करतो.

खाडीपलीकडे (देवगड)
ओटे खरे, साहेब खरा, साल वेगळं. 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणात सूर्याच्या वर्णपटाची निरीक्षणं जान्सेन या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने गुंटूरहून केली. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. त्याने ऑक्टोबर 1868 मध्ये ग्रहण नसताना तिथूनच वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा पाहिली. विजयदुर्गला तो आला 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी. तोवर रॅमसेने 1895 मध्ये पृथ्वीवरच्या खनिजातून हेलियम काढूनही दाखवला होता.

विजयदुर्ग_बुरूज
1898 तर 1898! ग्रहण बघायला साहेबाला एवढ्या जगातून आमचाच किल्ला सापडला, हे तरी कोणी काढून घेऊ शकत नाही. 🚩

भाट्ये_किनारा
हेलियमचा वेगळा धागा काढा, मी नक्की येईन. इथे हळद अर्धवट राहील.
फोटॉनवाली, एसटीचं उदाहरण उद्याच वर्गात जाणार. पण पिकोसेकंदाच्याही खाली काय करतात? शोधकच तेवढा वेगवान नसेल तर मोजणार कोण?

फेम्टो_फणस
इथे मी उडी मारतो, माझी पीएचडी यातच झाली.

तिथे शोधकाला वेगवान असावंच लागत नाही. लेझरचा ठोकाच झडप बनतो. 800 नॅनोमीटरच्या एका ठोक्याचे दोन भाग करायचे. एकाची वारंवारता दुप्पट केली की 400 नॅनोमीटरचा निळसर-जांभळा प्रकाश मिळतो, तो हळदीवर टाकायचा. दुसरा भाग तसाच 800 ठेवून वेगळ्या वाटेने आणायचा. हळदीची 550 नॅनोमीटरची चमक आणि हा 800 चा ठोका बीबीओ नावाच्या स्फटिकात एकत्र आले की दोघांच्या वारंवारतांची बेरीज होते आणि 326 नॅनोमीटरचा नवा प्रकाश निघतो. तो निघतो फक्त ठोका स्फटिकात असेल तेवढ्याच वेळात, म्हणजे शंभरेक फेम्टोसेकंद (फेम्टोसेकंद म्हणजे पिकोसेकंदाचा हजारावा भाग). त्या 326 चे फोटॉन साध्या संथ शोधकाने आरामात मोजायचे. त्या क्षणी चमक किती होती ते कळलं.

मग पुढचा क्षण. त्यासाठी 800 च्या वाटेतले दोन आरसे एका सरकत्या पाटावर बसवलेले असतात. प्रकाश नॅनोसेकंदाला 30 सेंटीमीटर जातो, पिकोसेकंदाला 0.3 मिलिमीटर. पाट 1 मायक्रोमीटर मागे घेतला की जाऊन-येऊन वाट 2 मायक्रोमीटरने वाढते, आणि ठोका 6.7 फेम्टोसेकंद उशिरा पोचतो. पाट सरकवत जायचं, प्रत्येक जागी मोजायचं. म्हणजे सर, शेवटी वेळ मोजला जातो तो स्क्रूने आणि पट्टीने! याला अपकन्व्हर्जन म्हणतात. पहिल्यांदा हे जमलेलं पाहिलं तेव्हा मी रात्री दोनपर्यंत पाट पुढे-मागे करत बसलो होतो, वक्र पुन्हा पुन्हा उगवताना बघायला.

जुनी_पुस्तकं
ठोक्यालाच झडप करायची कल्पना त्याच्याही आधीची. 1969 मध्ये द्यूगे आणि हॅन्सन यांनी कार्बन डायसल्फाइडच्या कुपीतून जोरदार ठोका पाठवून काही पिकोसेकंद उघडणारं दार बनवलं होतं. नंतर त्याच तंत्राने दूध मिसळलेल्या पाण्यातून धावणाऱ्या प्रकाशाच्या ठोक्याचा फोटोही काढला गेला.

सोल्डरगन (खेड)
आणि स्ट्रीक कॅमेरा? त्यात पाटबिट काही नको. प्रकाशाचे इलेक्ट्रॉन करायचे, वेगाने बदलणाऱ्या व्होल्टेजने ते पडद्यावर पसरवायचे, आधी आलेले वर, नंतरचे खाली. वेळ सरळ पडद्यावर दिसतो, तोही सगळ्या रंगांसकट. मला हाच जास्त सरळ वाटतो.

फेम्टो_फणस
सरळ आहे आणि सुंदर आहे. पिकोसेकंदाच्या आसपास उत्तम चालतो, रंग बदलत जाणाऱ्या चमकेसाठी तर मी तोच निवडेन. पण 100 फेम्टोसेकंदांत काय झालं हे विचारलंत तर पाटाकडेच यावं लागतं. किंमतही विचारू नका.

फोटॉनवाली
इथे माझं मत थोडं वेगळं. अपकन्व्हर्जनमध्ये एका वेळी एक रंग, एक क्षण, आणि बसवायलाच आठवडा जातो. चमक मंद असेल तर सिग्नल हातीच लागत नाही. बहुतेक नमुन्यांना टीसीएसपीसी पुरतं. आधी प्रश्न काय आहे ते ठरवावं, मग यंत्र.

दापोली_कलम
एक भाबडा प्रश्न. एवढं मोजून शेतकऱ्याला काय? हापूसच्या पानाबद्दल यातून काही कळतं का?

फोटॉनवाली
भाबडा अजिबात नाही. हरितद्रव्य द्रावणात असतं तेव्हा त्याची लाल चमक 5-6 नॅनोसेकंद टिकते. जिवंत पानात तीच काहीशे पिकोसेकंदांत संपते, कारण शोषलेली ऊर्जा प्रकाशसंश्लेषणाकडे ओढून नेली जाते. जोरदार प्रकाशाने प्रकाशसंश्लेषणाची केंद्रं भरून गेली की चमक पुन्हा रेंगाळायला लागते, दीड-दोन नॅनोसेकंदांपर्यंत. म्हणजे चमक किती टिकते यावरून पान काम करतंय की तुंबलंय ते कळतं. शिवाय पान जाड की पातळ, जवळ की लांब, यावर तेजस्वीपणा बदलतो, आयुष्यकाल मात्र तसा बदलत नाही. यातच त्याची खरी ताकद आहे.

शेतात फिरवायची जी छोटी यंत्रं मिळतात ती आयुष्यकाल मोजत नाहीत, चमकेच्या तीव्रतेची तुलना करतात. तीही उपयोगी असतात.

फेम्टो_फणस
आणि आपण हा धागा वाचतोय तेही याच वेगावर चाललंय. डोळ्यातल्या ऱ्होडॉप्सिन या प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनात प्रकाश पडल्यावर रेणूचा आकार बदलायला साधारण 200 फेम्टोसेकंद लागतात. दिसण्याची पहिली पायरी तीच. अशा वेगवान रासायनिक बदलांचा मागोवा घेण्यासाठी झेवैलना 1999 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. 2023 चं भौतिकशास्त्राचं नोबेल तर अॅटोसेकंदांच्या ठोक्यांसाठी होतं, त्याच्याही हजारपट खाली.

गोड्या_पाण्याचा_मासा
जत्रेत मिळणाऱ्या हिरव्या लेझरने हळद चमकवून बघू का?

फेम्टो_फणस
नको. ते पॉइंटर बरेचदा लिहिलंय त्यापेक्षा कितीतरी जोरदार असतात, आणि अदृश्य अवरक्त किरणही गाळलेले नसतात. शिवाय हळदीला निळा-जांभळा लागतो, हिरवा ती फारसा शोषत नाही. सरांची जांभळी टॉर्च पुरे, आणि तीही डोळ्यांत मारू नका.

किनारपट्टी_लॅब
समुद्राजवळच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी एक व्यवहारी गोष्ट, जी इथे कोणी सांगितली नाही. पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या भिंगाला बुरशी लागते ते सगळ्यांना ठाऊक आहे, तीच आरशांना आणि भिंगांनाही लागते. बीबीओ स्फटिक हवेतला ओलावा हळूहळू पितो आणि त्याचा पृष्ठभाग धुरकट होतो. खोलीचं तापमान दोन-तीन अंशांनी हललं की सगळी मांडणी किंचित सरकते आणि संध्याकाळी सकाळचा सिग्नल सापडत नाही. आर्द्रता काढणारं यंत्र रात्रीही चालू ठेवा, स्फटिक सिलिका जेलच्या डबीत ठेवा, आणि वीज जाते हे गृहीत धरूनच वेळापत्रक आखा. आमच्याकडे जुलैमध्ये लांबलचक मोजण्या आम्ही ठेवतच नाही.

भाट्ये_किनारा
फार मोलाचं मिळालं. पण माझ्या पहिल्या पोस्टचा दुसरा भाग तसाच राहिला. लाखोंचा लेझर आमच्याकडे येणार नाही. पोरांच्या हाताला काय देऊ?

सोल्डरगन (खेड)
सर, इथे माझ्याकडे उत्तर आहे. हळद सोडा, माणिक घ्या. सोनाराकडे कृत्रिम माणिक स्वस्तात मिळतं, आणि या प्रयोगाला कृत्रिमच बरं, खाणीतल्या खड्यातल्या लोहाने चमक मंदावते. माणकावर हिरवा प्रकाश टाकला की 694 नॅनोमीटरची लाल चमक निघते, आणि ती 3 ते 4 मिलिसेकंद टिकते. हळदीच्या कोटीपट सावकाश!

हिरवी एलईडी आर्दुइनोने (प्रोग्रॅम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) 20 मिलिसेकंद चालू, 20 बंद अशी चालवा. माणकासमोर फोटोडायोड, मध्ये गडद लाल फिल्टर, म्हणजे हिरवा आत येणार नाही. एलईडी विझल्यावरचा वक्र नोंदवा. आर्दुइनोला एक नोंद घ्यायला साधारण 100 मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे एका विझण्यात भरपूर बिंदू मिळतील. शेकडो वेळा करून सरासरी घ्या, मग फोटॉनवाली म्हणतात तो 'पुन्हा पुन्हा'चा फायदा मुलांना डोळ्यांनी दिसेल. एका वेळचा वक्र खडबडीत असतो, सरासरीचा गुळगुळीत.

फोटॉनवाली
सोल्डरगन, हे झकास आहे. एकच भर घालते. माणिक आणि लाल फिल्टर काढून आधी नुसत्या एलईडीचा विझण्याचा वक्र घ्यायला लावा. तो त्यांच्या मांडणीचा यंत्र-प्रतिसाद. तो माणकापेक्षा बराच छोटा आहे हे दाखवल्याशिवाय कोणी आयुष्यकालाचा आकडा वहीत लिहायचा नाही.

आणि हळदीचा खरा वक्र हवा असेल तर बाहेरच्या महाविद्यालयांचे नमुने घेणारी विश्लेषण केंद्रं आहेत, पवईच्या आयआयटीतही आहे. कोणतं यंत्र चालू आहे, शुल्क किती, हे आधी विचारून घ्या. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही अतिवेगवान लेझरवर काम चालतं. विज्ञान दिनाच्या सुमारास संस्था लोकांना आत बोलावतात, तेव्हा मुलांना घेऊन या.

भाट्ये_किनारा
माणिक आजच बघतो. प्रश्न विचारणाऱ्या मुलीने हा धागा वाचलाय आणि तिने खाते उघडलंय, पुढचा प्रतिसाद तिचाच.

प्रश्न_आहे
नमस्कार सर्वांना. फोटोडायोडला 1 मेगाओहमचा रोध लावला तर सिग्नल मोठा मिळेल, पण मग तो रोधच मोजणी संथ करणार नाही का? किती लावू?

सोल्डरगन (खेड)
नेमकं धरलंस. डायोड आणि केबल मिळून धारिता (वीज साठवण्याची क्षमता) 200 पिकोफॅरड धर. 1 मेगाओहमने गुणलं की 0.2 मिलिसेकंद येतात. माणिक 3 च्या वर आहे, म्हणून चालेल. सिग्नल पुरत असेल तर 470 किलोओहम लाव, निम्म्याहून खाली येईल. दोन्ही लावून मोज. माणकाचा आकडा दोन्ही वेळा तोच आला तर रोध मध्ये येत नाहीये. दोन्ही वक्र इथे टाक.